मोहाखालची आग

आमच्या चर्चच्या मंडळीत दर वर्षी कापणीच्या सणाला माझे हात पाहिले जातात. मला कोणी मुद्दाम उभं करत नाही. पण उपदेश शेजाऱ्यावरच्या प्रेमावर आला की पाळक माझ्या बाकाकडे नजर टाकतात, मग सगळी मंडळी टाकते, आणि पुढच्या रांगेतली मुलं सरळ मागे वळून माझ्या मांडीवरच्या तळव्यांकडे टक लावून बसतात. तळव्यांवर रेषा नाहीत. कातडी गुळगुळीत आहे, थंडीत ती ओढली जाते. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जंगलातल्या एका गावात एक तरुण ख्रिस्ती मास्तर होता. त्याच्या शेजारी एक गोंड राहायचा. दारूसाठी मोहाची फुलं वेचायची म्हणून त्या शेजाऱ्यानं झाडाखाली जाळ केला आणि जंगल पेटवलं. आग त्याच्याच गोठ्यावर आली, तेव्हा मास्तर जळत्या गोठ्यात शिरला आणि त्यानं शेजाऱ्याचे बैल सोडवले. शेजारी कसाही असो, प्रेम असं करावं.

यातला गोठा खरा, बैल खरे. हात तर समोरच आहेत. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेला मी एकटाच आता जिवंत आहे.

गेल्या महिन्यात त्या शेजाऱ्याची नात माझ्या दारात आली. तिला माझी साक्ष लिहून हवी आहे. परवा ती कागद न्यायला येणार आहे. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहितो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. चहा करायला ठेवतो आणि विसरतो. परवाच्या आत हे लिहून व्हायला हवं. म्हणून जसं आठवतं तसं लिहितो.

पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात होता. मी मिशनच्या वसतिगृहात वाढलेला, बाविशीतला. मिशननं मला गडचिरोलीच्या पलीकडच्या एका वनग्रामात शाळा चालवायला पाठवलं. वनग्राम म्हणजे जंगल खात्यानं वसवलेलं गाव. घर, शेत, विहीर, सगळं खात्याच्या जमिनीवर. लोकांनी खात्याच्या कामाला जायचं, त्या बदल्यात राहायचं. रेंजरच्या मनात आलं तर कोणालाही उठवता यायचं. गावात पंचवीस-तीस घरं गोंडांची. ख्रिस्ती घर एकच, माझं.

माझ्या घराला लागूनच त्याचं घर. मध्ये फक्त बांबूचं कुंपण, आणि तेही त्याच्या कोंबड्यांनी ठिकठिकाणी फाडलेलं. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. उंच, सडपातळ, बोलताना एक डोळा बारीक करणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मास्तर. मी गावात आलो त्या आठवड्यात त्यानं माझ्या छपराकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोन शाकारलं?"

"मीच," मी म्हणालो.

"हो, दिसूनच राह्यलं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता वर चढून त्यानं ते सगळं उपसून पुन्हा शाकारलं.

त्या गावात प्रत्येक मोहाच्या झाडाला घर असतं. झाड जंगलात, जमीन खात्याची, पण हे झाड अमक्याचं, ते तमक्याचं, हे आजोबांपासून ठरलेलं. चैत्रात पहाटे फुलं गळतात. ज्याचं झाड, त्याच्या घरची माणसं टोपल्या घेऊन जातात. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नाही. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. ते काम कसं करायचं याची रीत आहे. पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना. आधी सभोवार दोन हात रुंद पट्टा झाडून काढायचा, आणि हिरव्या फांद्या हातात घेऊन चौघांनी चार बाजूंना उभं राहायचं.

आमच्या घराला झाड नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. मिशनचा नियम होता की कामगाराच्या घरात मोह येता कामा नये. पाळकसाहेब दीड-दोन महिन्यांनी सायकलवरून यायचे. मनानं फार चांगले होते. पण या एका बाबतीत ते स्वयंपाकघरापर्यंत येऊन वास घ्यायचे. फूल आलं की मागोमाग दारू येते, असं त्यांचं म्हणणं. एका प्रचारकाला त्यांनी एवढ्याच कारणावरून काढलं होतं. त्या माणसाची बायको ती फुलं फक्त उकडून खात होती, हे त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.

त्या वर्षी फाल्गुनात आमची पहिली मुलगी झाली. बायको अशक्त होती, तिला दूध पुरत नव्हतं. त्या शेजाऱ्याच्या बायकोनं कुंपणावरून एक वाटी दिली. उकडलेला मोह, तिळात कुटलेला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिनं खाल्लं. आठवड्याभरात तिच्या तोंडावर रंग आला.

मग एके दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर तो ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, नाल्याच्या काठाचं ते वाकलेलं झाड पाह्यलं काय?"

"पाहिलं."

"ते औंदा तुमी येचा."

"ते तुमचं झाड आहे, भाऊ."

"माह्ये पाच हायेत. एका घराले एक तरी झाड पायजे. घरात लेकरू आलं, आन् झाड नाई?" मग डोळा बारीक करून म्हणाला, "का तुमचा देव मोहाच्या वासानंच पळते?"

मी हसलो. मग त्याला पाळकसाहेबांचा नियम सांगितला. त्यानं तो नीट ऐकून घेतला, आणि ठरलं की गावात कोणाला सांगायचं नाही. झाड वाकडं, नाल्याच्या पलीकडे, वाटेवरून दिसत नाही. पहिलं फूल देवाला वाहिल्याशिवाय ते लोक वेचत नाहीत. त्याचं काय करायचं, असं मी विचारलं तर म्हणाला, "तुमच्या वाटचं मीच वाहून टाकतो. तुमच्या देवाले सांगू नोका म्हंजे झालं."

पाला तोच जाळून देणार होता. "तुमी हात नोका लावू," त्यानं दोनदा बजावलं. पण नेमकं त्याच वेळी खात्यानं त्याला कुपावर बोलावलं. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तिथला तोडलेला बांबू सडकेपर्यंत वाहून न्यायचा होता, तिथून तो बल्लारपूरला जायचा. दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी पहाटे मी झाडाखाली जाऊन पाहिलं. फुलं गळायला लागली होती. पिवळट, रसरशीत, आणि निम्मी पाचोळ्यात गडप. मी गुडघ्यांवर बसून पानं उलटीपालटी करत होतो. हाताला ओंजळभर लागली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला वाटलं, पाला जाळायला काय लागतं. शिकलेला माणूस मी. गावातल्या बाया जे करतात ते मला येणार नाही काय? पहाटे केलं असतं तर धूर दिसला असता आणि बाया विचारायला आल्या असत्या. म्हणून मी दुपार निवडली. अकराला शाळा सुटली. गाव जेवून सावलीला पडलं. मी हातभर रुंद पट्टा कसाबसा झाडला आणि काडी ओढली.

वारा कधी उठला मला कळलं नाही. आधी तो पाला छान जळत गेला. मी समाधानानं पाहत उभा होतो. मग जाळाची एक जीभ पट्ट्याच्या पलीकडे गेली. मी पायानं विझवायला धावलो, तोवर मागे दुसरीकडून गेली. नाल्याच्या काठानं वाळलेल्या गवतातून आग सुसाट निघाली. एका अंगाला कुपातल्या बांबूच्या थप्प्या होत्या. दुसऱ्या अंगाला त्याच्या शेतातला गोठा.

मी ओरडलो असेन. गाव धावत आलं. पण त्याआधी मी गोठ्याकडे पळालो होतो, हे खरं. आत त्याचे दोन बैल बांधलेले, आणि दाराची बांबूची ताटी पेटलेली. ती मी दोन्ही हातांनी धरून ओढली. हातांची आग तेव्हा कळलीच नाही. दावी सोडली. बैल माझ्या अंगावरूनच बाहेर गेले.

आता नीट लिहितो, कारण इथेच सगळी गोष्ट वाकडी झाली आहे. मी बैलांच्या प्रेमानं आत गेलो नाही. शेजाऱ्याच्याही नाही. एवढं तरी वाचलं तर माझी चूक तेवढीच लहान होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. स्वतःला सोडवायला गेलो होतो. त्यात बैल सुटले.

गावानं तिन्ही सांजेपर्यंत आग झोडपून विझवली. बांबूच्या थप्प्या गेल्या. शेजारच्या बाईनं माझ्या हातांना मोहाच्या बियांचं तेल लावलं आणि पळसाच्या पानांत गुंडाळून दिलं. कुपावरून तो त्या दिवशी दुपारीच परतला होता आणि घरात झोपला होता. माझ्याकडे पाहून तो फक्त म्हणाला, "दुपारी?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रेंजर आला. नाल्याकाठी त्या वाकलेल्या झाडाखाली त्याची घडीची खुर्ची मांडली. गावचे सगळे पुरुष उकिडवे बसले. मी पानांत गुंडाळलेले हात मांडीवर घेऊन बसलो होतो. आग कुठून सुरू झाली ते जमिनीवर स्पष्ट दिसत होतं. बुंध्याभोवती काळं गोल रिंगण, आणि तिथून निघालेला काळा पट्टा.

"झाड कोणाचं?" रेंजरनं विचारलं.

गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आवाज यायचा होता.

तो उठून उभा राहिला. "झाड माह्यं हाय, सायेब."

"मग आग तूच लावलीस."

"झाड माह्यं हाय ना, सायेब. झाडाखालचं मीच पायतो."

"दारू पिऊन होतास?"

"नाई जी. आत्ताच तुमचा बांबू वाहून आलो होतो. पेयाले फुरसत कुठी?"

मागे कोणीतरी हसलं. रेंजर हसला नाही. तो लिहीत होता. तेव्हा माझा शेजारी माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी घरी जा. हाताले वारा लागते."

आणि मी उठलो. उठून घरी गेलो. साठ वर्षं झाली, ती दोनशे पावलं मी अजून चालतो आहे. पाठीमागे रेंजरचा आवाज, पायाखाली कालची राख. लोक बाजूला सरून मला वाट देत होते.

बायको मुलीला पाजत होती. तिनं विचारलं, "काय झालं?"

"त्यानं स्वतःवर घेतलं."

"आणि तुम्ही?"

"तो म्हणाला, घरी जा."

तिनं मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "त्याचं सगळंच ऐकत असता," ती म्हणाली, "तर काल दुपारी हे घडलंच नसतं."

आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं हा विषय पुन्हा काढला नाही. पण कापणीच्या सणाला, ती गोष्ट सुरू झाली की, ती उठून बाहेर जायची. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या हातांची आठवण तिला सहन होत नाही.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. त्यानं गाव सोडायचं. घर, शेत, सगळं खात्याकडे परत. त्यालाही एवढं होईल असं वाटलं नसावं. दोन थपडा बसतील, चार दिवस जास्तीचं काम करावं लागेल, असा त्याचा अंदाज होता. हुकूम वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात वाचता येणारा मीच. मी वाचला. एकही शब्द न गाळता वाचला. त्यात आग लावणारा म्हणून त्याचं नाव होतं.

वाचून झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "मी रेंजरकडे जातो," म्हणालो.

"जाऊन काय सांगान? मोह येचाले गेलो होतो? मंग तुमचे पाळकसायेब तुमाले काहाडतीन. लेकरू घेऊन कुठी जासान? आन् रेंजर मले काई परत बोलावनार नाई. त्याच्या वहीत एकदा लिहून झालं. दोन घरं उठतीन. एक उठलं तेवढं पुरे."

"पण तुम्ही का? तुम्ही का म्हणून हे..."

त्यानं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "काऊन म्हंजे? तुमी बाजूले राह्यता."

एवढंच. मिशनच्या वसतिगृहात शेजाऱ्यावर प्रेम करायची आज्ञा मी घोकली होती, तिच्यावर परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माझा शेजारी कोण, या प्रश्नावर मुलांना तासभर शिकवलं होतं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला बाजूचं घर माहीत होतं.

त्याचं म्हणणं निम्मं खरं असेलही. रेंजरनं त्याला परत बोलावलं नसतं, कदाचित. पण वहीतलं नाव बदललं असतं. आणि खरं सांगायचं तर 'मी जातो' हे मी त्यानं मला अडवावं म्हणूनच म्हटलं होतं. जायचं असतं तर मी आधी जाऊन आलो असतो आणि मग त्याला सांगितलं असतं.

ते गेले सकाळी. गाडीला तेच बैल जुंपलेले. चार-पाच वर्षांचा त्याचा मुलगा सामानावर बसला होता, धाकटी आईच्या कडेवर. त्या बाईनं जाता जाता कुंपणावरून माझ्या बायकोला गेल्या वर्षीच्या वाळल्या मोहाचं एक गाठोडं दिलं. "उकडून खात जाजा, बाई. पोरीले दूध पुरन." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. झाड कोणाला दिलं होतं हे तिला माहीत होतं.

महिन्याभरानं पाळकसाहेब आले. गावानं त्यांना सांगितलं, मास्तरांनी बैल काढले. त्यांनी सायकल टाकली, माझे बांधलेले हात आपल्या हातांत घेतले आणि रडले. मी सांगणार होतो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून म्हटलं, आज नको. पुढच्या रविवारी चांद्याला त्यांनी ही गोष्ट उपदेशात घातली. दारूचा भाग त्यांनीच घातला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मोह म्हटलं की त्यांना दारूच दिसायची. मी पुढच्या बाकावर होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची वेळ. आणि मग गोष्ट माझ्याहून मोठी झाली.

आणखी एक आहे. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातं, आणि ऐकणाऱ्याला कदाचित क्षुल्लक वाटेल.

दीड-दोन वर्षांनी मिशनच्या कामानं मी बल्लारपूरला गेलो होतो. स्टेशनाच्या आवारात बांबू उतरवणारी माणसं होती. त्यांतल्या एकानं खांद्यावरची मोळी खाली टाकली आणि हाक मारली, "मास्तर!"

तोच. वाळला होता. बायको पावसाळ्यात तापानं गेली, म्हणाला. पोरं बहिणीकडे आहेत. मग माझे हात धरून उलटसुलट करून पाहिले. "बरे झाले का? हे दोन बोटं वाकडेच राह्यले. तेल लावलं नाई बराबर." मला रागावलाच थोडा. मी काय बोललो आठवत नाही. मुकादम ओरडत होता. तो मोळी उचलायला वाकला आणि वाकल्या वाकल्या म्हणाला, "माह्ये झाडं कोन येचते आता?"

"कोणी नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. त्याची पाचही झाडं गावानं तशीच सोडली होती. झाड त्याचं, तो येईल, असं म्हणत. दोन चैत्र फुलं गळून मातीत गेली. काही हरणांनी खाल्ली, काही अस्वलांनी.

त्याला वाईट वाटलं. "अरे, वाया गेलं की! गावाले सांगजा मास्तर, येचून घ्या म्हनाव. मी सांगतलो म्हनून सांगजा."

एवढा एक निरोप. त्यानं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट. मी तो दिला नाही. दिला असता तर गावानं विचारलं असतं, कुठे भेटला, कसा आहे, काय म्हणाला. मग बोलणं आगीवर आलं असतं. त्या वर्षी धान पिकलं नव्हतं. गावात लोक कंद उकरून खात होते. पाच झाडांची फुलं डोळ्यांसमोर कुजत होती, कोणी हात लावत नव्हतं, आणि हात लावायची परवानगी माझ्या खिशात होती. पुढच्या वर्षी मी चांद्याला बदली मागून घेतली.

आता ती बाई, त्याची नात. चाळिशीची, अंगणवाडीत शिकवते. तिचं म्हणणं असं की ज्यांना पूर्वी जंगलातून उठवलं त्यांना आता हक्क मागता येतो, आणि कागद नसेल तर जुन्या माणसाची साक्ष चालते. कोणीतरी तिला सांगितलं की ते मास्तर अजून आहेत. तिनं आल्या आल्या माझे हात पाहिले आणि हसली.

"आजोबा लई सांगत होते तुमच्या हाताचं. मास्तरनं आपले बैल काहाडले म्हनून."

"आणखी काय सांगायचे?"

"बस एवढंच." मग ती थोडी घुटमळली. "मास्तर, एक सांगू काय? साक्षीत एवढंच लिहा का आमचं घर तिथी होतं, शेत होतं. आगीचं लिहू नोका. आमचे बाबा मरेपर्यंत मान खाली घालून राह्यले. माह्या बापानं जंगल जाळलं, घर उठवलं, असं म्हनत. बापाशी धड बोलले नाई कधी. माह्या लग्नाच्या वेळी सिरोंच्याच्या पाहुण्यानं बी तेच काहाडलं. तेवढं झाकून ठेवा."

मी मान हलवली. तिला चहा दिला. ती गेली.

म्हणजे त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलालाही नाही. मुलगा लहान, बोलून जाईल, ते माझ्या मिशनपर्यंत पोचेल, म्हणून नसेल सांगितलं. आणि मग तो मुलगा मोठा झाला, बापाची लाज बाळगत जगला आणि मेला. मला वाटत होतं, मी एका माणसाचं गाव घेतलं. मी त्याचा मुलगाही घेतला होता. आणि आता त्याची नात मला विनवत होती की गप्प राहा. एवढं सोपं मला कधीच झालं नव्हतं.

म्हणून हे लिहिलं.

यापुढचं दोन दिवसांनी लिहितो आहे. ती आज सकाळी आली. मी साक्षीचा कागद तिच्या हातात दिला. त्यात घर लिहिलं होतं, शेत लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की आग मी लावली, दुपारी, एकट्यानं, आणि तिचे आजोबा त्या वेळी घरात झोपले होते. ती उभ्यानं वाचत होती. मग बसली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आजोबाले माहीत होतं?"

"हो."

"बाबाले नाई."

"नाही."

मी क्षमा मागितली. तिनं ती ऐकली की नाही, सांगता येत नाही. कागदाची घडी घालत ती म्हणाली, "पाच वर्षाआधी आलो असतो मी, तं बाबा होते." मग एकदम उठली. "याची आनखी एक प्रत लिहून द्या. आत्या हाय बल्लारपूरले. तिले वाचून दाखवतो." मी लिहायला बसलो. वाकड्या बोटांमुळे वेळ लागतो. ती उभी राहून वाट पाहत होती. बसा म्हटलं, बसली नाही.

दारात वळून ती म्हणाली, "कागदानं होनार नाई, मास्तर. ग्रामसभेत बोलावं लागन. सगळ्याच्या समोर."

"येईन. कुठे असते सभा?"

"नाल्याकाठच्या त्या वाकलेल्या झाडाखालीच बसतेत."

ते झाड आहे अजून, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, कोण वेचतं? ती म्हणाली, पाचातलं ते एकच उरलं आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही; जुनी माणसं लावू देत नाहीत, आणि असं का, ते नव्यांना माहीत नाही.

दुपारी आमच्या तरुण पाळकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग फार प्रेमानं म्हणाले, "बाबा, त्या गोष्टीनं किती लोकांना बळ दिलंय. आता या वयात कशाला?" मी म्हटलं, गोष्ट बंद करू नका. सांगा. पण शेजाऱ्यावर प्रेम कोणी केलं ते बरोबर सांगा, नाहीतर रविवारी मी बाकावरून उठून सांगेन. ते विचार करतो म्हणाले. मी उठून सांगणारच आहे.

सभा पुढच्या महिन्यात ठेवायचं म्हणत होते. मी निरोप पाठवला आहे की आधी ठेवा. माझा भरवसा नाही, आणि चैत्र जवळ आला आहे. साक्ष झाली की मला तिथे आणखी एक निरोप द्यायचा आहे. तो साठ वर्षं उशिरा पोचतो आहे, पण माणसं अजून त्याच्यासाठी थांबली आहेत. वेचून घ्या, तो म्हणाला होता. वाया जाऊ देऊ नका.